व्हिडिओ पोचला, हात बसला का? दूध संस्थांमधल्या एका प्रशिक्षणाचा प्रकरण अभ्यास

कोल्हापूर जिल्ह्यातल्या पन्हाळा आणि करवीर तालुक्यांत गावोगावी दूध संस्था आहेत. सकाळ-संध्याकाळ बायका चरवी घेऊन डेअरीत दूध घालतात, फॅट लागते, बिल निघतं. या बिलावर नकळत घाला घालणारा आजार म्हणजे सुप्त कासदाह. दगडी म्हणजे उघड कासदाह झाला की कास सुजते, दूध नासल्यासारखं दिसतं आणि घरच्यांना लगेच कळतं. सुप्त प्रकारात मात्र दूध दिसायला स्वच्छ असतं. त्यातल्या पेशी वाढलेल्या असतात आणि उत्पादन हळूहळू घटत जातं. तो गोठ्यातच ओळखायची स्वस्त चाचणी १९५७ मध्ये शाल्म आणि नूर्लँडर यांनी कॅलिफोर्नियात तयार केली. चार वाट्यांची एक प्लास्टिकची पॅडल, त्यात चारही सडांचं थोडं थोडं दूध आणि तेवढंच द्रावण. द्रावणातला साबणासारखा घटक पेशी फोडतो, त्यांतला डीएनए बाहेर येतो आणि दूध चिकट, शेंबडासारखं होतं. जितक्या पेशी जास्त, तितका घट्टपणा जास्त.

आता प्रकरण असं. काही संस्थांनी सभासदांना पॅडल आणि द्रावणाची ५०० मिलीची बाटली वाटली आणि चाचणी कशी करायची याचा चार मिनिटांचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. दोन महिन्यांनी संचालक मंडळाचा प्रश्न आला: बायका शिकल्या का? पुढच्या वर्षी हाच मार्ग धरायचा की गावोगाव प्रशिक्षक पाठवायचा? उत्तर शोधायची जबाबदारी एका छोट्या अभ्यास गटावर आहे. हे प्रकरण कुठल्या एका गावाचं नाही, या भागात जशी परिस्थिती असते तशी ती बांधली आहे. खाली गणितात येणारे आकडे नियोजनासाठी धरलेले आहेत, कुठल्या पाहणीचे निकाल नाहीत.

प्रश्न आधी फोडायचा

‘शिकल्या का’ या दोन शब्दांत निदान चार वेगळे प्रश्न आहेत. व्हिडिओ बघितला का? त्यातलं लक्षात राहिलं का? म्हशीजवळ बसून हाताने करता येतं का? आणि कोणी बघत नसतानाही त्या करतात का? चौघांची उत्तरं एकमेकांवरून काढता येत नाहीत. प्रत्येकाला वेगळं मोजमाप लागतं आणि प्रत्येकाची चूक वेगळ्या ठिकाणी होते. अशा अभ्यासांत सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पहिल्याचा आकडा सहज मिळतो म्हणून तो घेतला जातो आणि अहवालात तिसऱ्याचं उत्तर म्हणून छापला जातो. या प्रकरणात कणा तिसरा प्रश्न आहे, कारण चाचणी हे हाताचं काम आहे.

मंडळाचा दुसरा प्रश्न, ‘व्हिडिओ बरा की माणूस’, हा तर तसाच्या तसा घेताच येत नाही. शिक्षण-संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्ये हा वाद उभा केला. माध्यम म्हणजे माल पोचवणारा ट्रक, किराणा कुठल्या ट्रकने आला यावर पोषण ठरत नाही, असं त्यांचं म्हणणं. रॉबर्ट कोझमा यांनी नंतर त्याला उत्तर दिलं की काही माध्यमं अशा गोष्टी करू देतात ज्या दुसऱ्याने जमत नाहीत. वाद मिटला नाही, पण संशोधकासाठी त्यातला धडा पक्का आहे. प्रशिक्षक गावात येतो तेव्हा बायका दोन तास बसतात, पॅडल हातात घेतात, शंका विचारतात. व्हिडिओ चार मिनिटांत संपतो. दोन्ही गटांत फरक आला तर तो माणसाचा, वेळेचा की हातात पॅडल असण्याचा, हे सांगताच येणार नाही.

म्हणून तुलना बदलायची. दोन्ही गटांना एकच व्हिडिओ. दोन्हींत तो पाच ठिकाणी थांबतो आणि ‘आता पॅडल हातात घ्या’ असं सांगतो. दोन्हींत सरावाला साधं दूध आणि द्रावण. फरक एवढाच ठेवायचा की पहिल्या गटातल्या बायका तो घरी फोनवर बघतील आणि दुसऱ्या गटातल्या डेअरीच्या खोलीत एकत्र, गावातल्याच एका शिकवलेल्या बाईच्या सोबतीने. शेतकऱ्यांना व्हिडिओतून शिकवणाऱ्या ‘डिजिटल ग्रीन’ या संस्थेने कर्नाटकातल्या १६ गावांत केलेल्या कामात हाच मुद्दा पुढे आला होता: शेतकऱ्यांचेच व्हिडिओ आणि ते थांबवून बोलतं करणारा स्थानिक माणूस. आपल्याकडे एकत्र बघणं आणि सोबतीची बाई यांचं मिळून काम नेमकं किती, हे या तुलनेमुळे वेगळं काढता येतं.

तुलनेच्या आधी: व्हिडिओ स्वतः तपासणं

कच्च्या व्हिडिओची मोठी चाचणी घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. अ‍ॅन ब्राउन आणि अ‍ॅलन कॉलिन्स या शिक्षण-संशोधकांनी १९९२ मध्ये रचना-प्रयोगांची वाट दाखवली: वापरात आणायचं, बघायचं, बदलायचं, पुन्हा बघायचं आणि प्रत्येक बदलामागचं कारण लिहून ठेवायचं. इथे त्यासाठी दोन संस्था पुरतात, प्रत्येकीत सहा बायका, तीन फेऱ्या. या दोन संस्था पुढच्या तुलनेत घ्यायच्या नाहीत.

या फेऱ्यांत काय शोधायचं ते एका उदाहरणावरून कळेल. व्हिडिओ सहसा समोरून काढलेला असतो: बाई कॅमेऱ्याकडे तोंड करून, पॅडलचा दांडा तिच्या उजव्या हातात. बघणाऱ्याला तो दांडा पडद्यावर डावीकडे दिसतो. बघून तसंच करायला गेलं की पॅडल उलटी धरली जाते, पुढच्या उजव्या सडाचं दूध मागच्या डाव्याच्या वाटीत जातं. दूध घट्ट झालेलं बरोबर ओळखलं जातं, पण सड चुकतो. मग डॉक्टर चांगल्या सडात औषध सोडतात. लेखी प्रश्नावलीत ही चूक कधीच दिसत नाही, गोठ्यात दहा मिनिटांत दिसते. उपाय कॅमेऱ्याच्या जागेत आहे: खांद्यामागून, करणाऱ्याला जसं दिसतं तसं चित्रीकरण. लोगन फिओरेला आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये जुळणीच्या कामावर केलेल्या प्रयोगांतही करणाऱ्याच्या नजरेतून काढलेला व्हिडिओ सरस ठरला होता.

‘मनात काय चाललंय ते मोठ्याने बोला’ ही प्रयोगशाळेतली पद्धत इथे चालत नाही. धार काढताना कोणी स्वतःशी मोठ्याने बोलत नाही आणि बोलायला सांगितलं तर बाई लाजते. त्याऐवजी उलट शिकवायला लावायचं: “आक्का, मला यातलं काही येत नाही. मला शिकवा बघू.” मग शब्द आपोआप येतात. “हे बघ बाळा, आधी चार धारा खाली सोडायच्या, ते दूध घ्यायचं न्हाई.” का घ्यायचं नाही असं विचारलं की समज किती खोल आहे ते कळतं. ‘व्हिडिओत तसं होतं’ आणि ‘सडाच्या तोंडाशी घाण असती’ ही दोन उत्तरं वेगळ्या रकान्यांत लिहायची.

गोठ्यातली पाहणी

कौशल्य मोजायला आठ पायऱ्यांची यादी पुरते. पहिल्या तीन-चार धारा वेगळ्या भांड्यात काढल्या. प्रत्येक सडाचं दूध त्याच्याच वाटीत घेतलं. पॅडल तिरकी करून जादा दूध सांडून दिलं, वाटीत साधारण २ मिली राहिलं. तेवढंच द्रावण घातलं. पॅडल आडवी ठेवून दहाएक सेकंद गोल फिरवली. फिरवता फिरवता, वीस सेकंदांच्या आत निकाल वाचला. कोणता सड ते बरोबर सांगितलं. शेवटी पॅडल धुतली. प्रत्येक पायरीला ‘केली’ किंवा ‘नाही’, मधलं काही नाही. ‘थोडी केली’ असा रकाना ठेवला की निरीक्षक थकल्यावर सगळं तिथेच टाकतात.

चुका कुठे होतात ते आधीच माहीत असावं. दूध जास्त आणि द्रावण कमी पडलं तर घट्टपणा येत नाही आणि दुखरा सड निसटतो. द्रावण महाग वाटल्याने हात आखडतो, त्यामुळे ही चूक वारंवार होते. उशिरा वाचलं तर सौम्य प्रतिक्रिया विरून गेलेली असते. नुकत्याच व्यालेल्या म्हशीचा चीक किंवा आटत आलेल्या जनावराचं दूध घेतलं तर आजार नसतानाही घट्ट होऊ शकतं, म्हणून वेताचा दिवस नोंदवल्याशिवाय निकालाचा अर्थ लावायचा नाही.

निरीक्षकांचं एकमत तपासताना टक्केवारीवर विसंबू नये. समजा, ‘गोल फिरवली’ ही पायरी दोघींनी ४० वेळा स्वतंत्रपणे नोंदवली. २८ वेळा दोघींनी ‘केली’ लिहिलं, ६ वेळा दोघींनी ‘नाही’, ४ वेळा फक्त पहिलीने ‘केली’ आणि २ वेळा फक्त दुसरीने. एकमत ८५ टक्के. पण पहिली एकूण ८० टक्के वेळा आणि दुसरी ७५ टक्के वेळा ‘केली’ लिहिते, म्हणजे न बघता लिहिलं असतं तरी ६५ टक्के जुळलं असतं. असं योगायोगाने जुळणं वगळून उरलेलं एकमत मोजणारा आकडा, म्हणजे कोहेन यांचा ‘कप्पा’ (ग्रीक अक्षर κ), येतो ०.५७. या पायरीची व्याख्या सैल आहे. ‘पाच पूर्ण फेऱ्या, द्रावण सगळीकडे मिसळलं’ असं नेमकं लिहून पुन्हा ४० नोंदी घ्याव्यात. ०.७ च्या वर गेल्याशिवाय खरी पाहणी सुरू करू नये.

आणखी एक अडचण म्हशीची. गोठ्यात नवखं माणूस दिसलं की म्हैस पान्हा चोरते. पहिल्या दिवशी निरीक्षक वही काढत नाही, नुसती वैरणीपाशी उभी राहते. दुसऱ्या दिवशी नोंद. फोनने चित्रीकरण करायचं तर तो मेढीला बांधायचा आणि चौकटीत हात, पॅडल आणि कास एवढंच येईल असा. चेहरा नाही, आवाज हवाच असेल तर वेगळी परवानगी.

निकालाचं वाचन बरोबर येतं का, हे गोठ्यात धड मोजताच येत नाही. चारही सड निरोगी असले की ‘काही नाही’ म्हणणारी प्रत्येक बाई बरोबर ठरते, तिला ओळखता येवो किंवा न येवो. म्हणून वाचनाची परीक्षा वेगळी: त्याच सकाळी काढलेलं, थंड ठेवलेलं, पेशींची मोजणी झालेलं चार प्रकारचं दूध, क्रम प्रत्येकीला वेगळा. हे दूध कधीही गोठ्यात न्यायचं नाही. ते रोगट सडाचं आहे, हाताबरोबर दुसऱ्या जनावराकडे जाऊ शकतं. परीक्षा डेअरीच्या खोलीत, आधी-नंतर हात धुऊन, उरलेलं दूध जंतुनाशक मिसळून टाकून द्यायचं.

किती संस्था, किती दिवस

व्हिडिओ संस्थेच्या ग्रुपवर जातो, एकत्र बघणं संस्थेच्या खोलीत होतं. म्हणून चिठ्ठ्या संस्थांच्या टाकायच्या, बायकांच्या नाही. याची किंमत मोजावी लागते. समजा फोन गटात ३० टक्के बायका आठही पायऱ्या बरोबर करतील आणि सोबतीच्या गटात ५० टक्के, आणि हा फरक पकडायची शक्ती ८० टक्के हवी, म्हणजे फरक खरा असेल तर दहातल्या आठ वेळा तो अभ्यासात दिसावा. बायका सुट्या सुट्या निवडल्या असत्या तर प्रत्येक गटात ९१ पुरल्या असत्या. पण एका संस्थेतल्या बायका एकमेकींसारख्या असतात: तेच पाणी, तोच डॉक्टर, त्याच गप्पा. हे साम्य (० म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे अगदी एकसारख्या) ०.१५ धरलं आणि संस्थेमागे १२ बायका घेतल्या तर संख्या २.६५ पट होते: २४२ बायका, म्हणजे गटात २१ संस्था, एकूण ४२. संस्था कमी करून बायका दुप्पट घ्याव्यात असं मंडळाला हमखास वाटतं. करून पाहू. संस्थेमागे २४ घेतल्या तर पट ४.४५ होते, गटात १७ संस्था आणि ४०८ बायका लागतात. म्हणजे आठ संस्था वाचवायला तीनशेवर बायका जादा. प्रवास वाचतो तेवढा पाहणीत जातो.

सगळ्या बायका एकाच वेळी धार काढतात. एका वेळेला एक निरीक्षक दोनच गोठे नीट पाहू शकते, दिवसाला चार. १२ बायकांना तीन दिवस, ४२ संस्थांना १२६ निरीक्षक-दिवस, सहा जणींना २१ दिवस. वैरणीपाशी नुसतं उभं राहण्याच्या फेऱ्या आणि वाचनाची परीक्षा याच्या वेगळ्या. ही बेरीज सुरुवातीलाच केली नाही की शेवटच्या दहा संस्थांची पाहणी घाईत उरकली जाते आणि त्या बहुधा दूरच्या, डोंगराकडेच्या असतात.

वेळापत्रक शेतीच्या अंगाने लावायचं. पन्हाळ्याच्या पश्चिमेला जुलै-ऑगस्टच्या पावसात संध्याकाळची फेरी अशक्य होते. चैत्रात जोतिबाच्या यात्रेत वाडी रत्नागिरीच्या आसपासची घरं पाहुण्यांनी भरलेली असतात. म्हशी बहुतेक पावसाळ्याच्या शेवटापासून हिवाळ्यापर्यंत वितात, म्हणून प्रशिक्षणानंतर तीन महिन्यांनी घ्यायची पाहणीची पुढची फेरी उन्हाळ्यात आली तर कित्येक गोठ्यांत धार देणारं जनावरच नसेल. अशा बायका गळाल्या असं समजून सोडून द्यायच्या नाहीत. एकच म्हैस असलेली घरंच यात आधी गळतात आणि निकाल मोठ्या गोठ्यांकडे झुकतो. त्यांची वाचनाची परीक्षा डेअरीत घ्यायची आणि पायऱ्यांची पाहणी म्हैस व्याल्यावर. ‘आधी असं होतं, नंतर असं झालं’ एवढ्याच तुलनेवर भिस्त ठेवता येत नाही तीही याच ऋतुचक्रामुळे.

विश्लेषणात बाई ज्या गटात चिठ्ठीने आली त्याच गटात मोजायची, तिने व्हिडिओ उघडला नसला तरी.

फोनच्या नोंदींचं काय करायचं

फोन बहुतेक घरांत पोराच्या किंवा नवऱ्याच्या हातात असतो. निळी खूण त्याच्या अंगठ्याने उमटते. म्हणून फोनवरून मिळणारी प्रत्येक नोंद ‘फोनची’ म्हणून लिहायची, ‘बाईची’ म्हणून नाही. कोणी बघितला, कोणाबरोबर, आवाज चालू होता का, हे समोर बसूनच विचारावं लागतं.

दुसरी गळती फॉरवर्डची. नणंद एका गावात, भावजय दुसऱ्यात, व्हिडिओ दोन दिवसांत गट ओलांडतो. एकच व्हिडिओ दोन्ही गटांत असल्याने त्याने फार बिघडत नाही, पण व्हिडिओ न मिळालेला तिसरा गट ठेवला (आणखी २१ संस्था) तर बिघडतं. ते मोजायला व्हिडिओत एक बिनमहत्त्वाची खूण ठेवावी, उदाहरणार्थ गोठ्याच्या भिंतीला टांगलेली पिवळी बादली. मग पाच चित्रं दाखवून विचारायचं की यातलं काय दिसलं होतं. त्यात एक चित्र कधीच न दाखवलेल्या वस्तूचं असावं. त्यालाही ‘हो, दिसलं होतं’ म्हणणाऱ्या बायका पाहुण्याचं मन राखत असतात, त्यांचं बाकीचं ‘हो’ही जपून घ्यायचं.

येतं, पण करत नाहीत

चौथा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण विचारलं की सगळ्या ‘करतो की’ म्हणतात. इथे बाटली बोलते. एका जनावराच्या चाचणीला साधारण ८ मिली द्रावण लागतं. तीन दुभती जनावरं, पंधरा दिवसांतून एकदा, दोन महिने: ९६ मिली. वाटताना बाटली एक ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोलून ठेवायची आणि दोन महिन्यांनी पुन्हा. सांडणं, सैल झाकण, पोरांचा खेळ यांनी हा आकडा फुगतो, म्हणून गोठ्यात लटकवलेल्या खुणांच्या कार्डाशी ताळा घ्यायचा. वजन घटलं आणि कार्ड कोरं, किंवा कार्ड भरलेलं आणि बाटली जशीच्या तशी: दोन्ही घरी पुन्हा जाऊन बोलायचं.

अशा बोलण्यातून जी कारणं निघू शकतात त्यांतली दोन तरी व्हिडिओ सुधारून जाणार नाहीत. चाचणी धार काढण्याआधी करायची असते, आणि म्हशीने सोडलेला पान्हा काही मिनिटंच टिकतो. पॅडल फिरवत बसलं तर म्हैस दूध वर ओढून घेईल ही भीती खरी आहे. दुसरं कारण बिलाचं: सड खराब निघाल्याचं संस्थेला कळलं तर दूध नाकारतील. बाई चाचणी शिकली आहे आणि नेमकं शिकल्यामुळेच ती ती करत नाही. पाहणीत उत्तम आणि बाटलीत शून्य अशा घरांची वेगळी यादी काढून त्यांतल्या दहा-बारा घरी सविस्तर मुलाखती घ्याव्यात. टक्केवारीच्या तक्त्यात ही घरं ‘अपयश’ म्हणून एका रकान्यात मिसळली तर मंडळ नवा व्हिडिओ काढेल आणि अडचण जागच्या जागी राहील.

यावरूनच संमतीचा प्रश्न येतो. संमती बाईची स्वतःची हवी, सचिवाने ग्रुपवर दिलेली चालत नाही. बिल ज्याच्या सहीने निघतं त्याच्यासमोर ‘नाही’ म्हणता येत नाही, म्हणून विचारायचं घरी, आणि ‘नाही’ म्हटलं तरी पॅडल-बाटली तिचीच राहते हे आधी सांगायचं. नावानिशी निकाल संस्थेला मिळणार नाहीत हे मंडळाकडून लेखी घ्यायचं, पाहणी सुरू व्हायच्या आधी. नावांची यादी आणि नोंदी वेगवेगळ्या ठेवायच्या, चित्रफिती सांकेतिक क्रमांकाने साठवून अहवालानंतर ठरलेल्या तारखेला पुसायच्या. पाहणीत खराब निघालेल्या सडाची माहिती मात्र त्याच दिवशी त्या बाईला द्यायची, डॉक्टरांच्या नंबरासह, मग त्याने पुढच्या फेरीच्या आकड्यांवर परिणाम झाला तरी चालेल. तो परिणाम दोन्ही गटांत सारखाच होतो आणि अहवालात तसं लिहिता येतं. तीन महिन्यांची फेरी संपली की फोन गटातल्या २१ संस्थांनाही डेअरीच्या खोलीतलं सत्र द्यायचं. त्याचा खर्च पहिल्या अंदाजपत्रकातच धरलेला असावा.